लहान ट्रेलरचे धक्काशोषक

धक्काशोषक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) हे ट्रेलरचा आस आणि सांगाडा यांच्यामध्ये बसवले जाणारे, स्प्रिंगची आंदोलने शमवणारे साधन आहे. ट्रेलरचा भार स्प्रिंग पेलते; धक्क्यानंतरची उसळी धक्काशोषक थांबवतो.

कार्य
खड्ड्यात चाक आदळले की स्प्रिंग दबते आणि साठवलेली ऊर्जा परत देते. धक्काशोषकातील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो व या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. शमन अपुरे असल्यास ट्रेलर उसळत राहतो आणि चाकाची रस्त्यावरील पकड वारंवार सुटते. कमानपाट्यांमध्ये पाट्यांच्या घर्षणामुळे, तर रबरी टॉर्शन आसात रबरामुळे काही शमन आपोआप होते. म्हणून अशा अनेक ट्रेलरांना स्वतंत्र धक्काशोषक नसतात. कॉइल स्प्रिंग असल्यास मात्र ते आवश्यक ठरतात.

निवड
शमनाचे योग्य प्रमाण भारावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, एका चाकावर २०० किलो भार आणि स्प्रिंगचा ताठरपणा २०,००० न्यूटन प्रति मीटर असल्यास क्रांतिक शमन ४,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येते. त्याच्या ०.३ पट, म्हणजे १,२०० इतके शमन पुरेसे असते. रिकाम्या ट्रेलरचा भार ५० किलो असल्यास हेच शमन ०.६ पट होते व ट्रेलर कडक भासतो. त्यामुळे मोटारीचा धक्काशोषक केवळ लांबी जुळते म्हणून हलक्या ट्रेलरला लावणे योग्य नसते. वरील उदाहरणात रिकाम्या व भरलेल्या स्थितींत सांगाड्याच्या उंचीत सुमारे ७ सेंटिमीटर फरक पडतो. दट्ट्याच्या चालीत हा फरक आणि खड्ड्यांसाठीची जागा दोन्ही सामावली पाहिजेत.

बसवणी
धक्काशोषक शक्यतो उभा बसवतात. तो उभ्या रेषेपासून ३० अंश कलल्यास परिणामकारक शमन सुमारे ७५ टक्के, तर ४५ अंशांत ५० टक्केच उरते. दुहेरी नळीच्या प्रकारात तेलाची नळी खाली ठेवतात. उलटा बसवल्यास झडपेत हवा शिरते. दोन्ही टोकांना रबरी बुश असतात व त्यांचे नट ट्रेलर चाकांवर उभा असताना आवळतात, अन्यथा रबर कायम पिळलेले राहते. धक्काशोषक पूर्ण दबण्यापूर्वी आस रबरी अटकावावर टेकला पाहिजे. एका आसावरील दोन्ही धक्काशोषक एकाच वेळी बदलतात.

महाराष्ट्रात
गॅब्रिएल इंडिया ही धक्काशोषक बनवणारी कंपनी १९६१ साली मुंबईत स्थापन झाली. चाकण व नाशिक येथे तिचे कारखाने आहेत. डोंबिवलीसारख्या औद्योगिक शहरात आणि कल्याण-शीळ मार्गावर पावसाळ्यात खड्डे पडतात. अशा रस्त्यांवर रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा अधिक उसळतो, म्हणून परतीच्या फेरीतही वेग कमी ठेवणे आवश्यक असते. नळीवर तेलाचे ओघळ दिसणे हे धक्काशोषक निकामी होत असल्याचे लक्षण मानले जाते.