शेततळ्याचा गाळ मोजणारी बिनतारी होडी

पाणी सांठविणें हें एक काम व सांठविलेल्या पाण्याचा हिशेब राखणें हें दुसरें. गंगापूर तालुक्यासारख्या कमी पावसाच्या मुलखांत पहिलें काम पुष्कळांनीं साधलें आहे. २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळें' ही सरकारी योजना निघाल्यावर तर शिवारोशिवारीं तळीं दिसूं लागलीं. दुसऱ्या कामाकडे मात्र थोड्यांचेंच लक्ष असतें. तळें खणतेवेळीं जेवढें पाणी मावलें तेवढेंच आजही मावतें असें धरून उन्हाळ्याचा बेत करणें, म्हणजे जुना सातबारा पाहून जमीन खरेदी करण्यासारखें आहे.

आंकड्यांनींच पाहूं. तोंडाशीं ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंस एकास एक उतार असलेल्या तळ्याचा तळ २४ मीटर चौरस येतो. त्यांत २१९६ घनमीटर, म्हणजे सुमारें २२ लाख लिटर पाणी मावतें. तळाशीं केवळ ३० सेंटिमीटर गाळ बसला तरी सुमारें १७७ घनमीटर जागा गेली. मोसंबीच्या एका झाडास रोज ५० लिटर पाणी धरल्यास शंभर झाडांचें हें पस्तीस दिवसांचें पाणी होय. वैशाखांत पस्तीस दिवसांची तूट म्हणजे काय, हें बागवाल्यास सांगावयास नको.

गाळ मोजावयाचा तर कोणी तरी तळ्याच्या मध्यभागीं गेलें पाहिजे. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसवून गडी पाठविला जातो तो यासाठींच. परंतु अस्तराचा प्लास्टिकचा कागद ओला होऊन शेवाळला कीं इतका निसरडा होतो कीं, पोहतां येणारासही काठ चढवत नाहीं. शेततळ्यांत माणसें व मुलें बुडाल्याच्या बातम्या दरसाल वर्तमानपत्रांत येतात. पाणी मोजण्यासाठीं मनुष्याचा जीव पणास लावूं नये. त्याच्या जागीं होडी पाठवावी.

ही युक्ति नवी नव्हे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें बिनतारी लहरींनीं दूरची घंटा वाजवून दाखविली. पुढें १८९८ सालीं निकोला टेस्ला या शोधकानें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत् प्रदर्शनांत, हौदांतील एक लहान होडी तारेवांचून हांकून दाखविली. तिचें पेटंट, क्रमांक ६१३८०९, त्यास ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं मिळालें. तेव्हां जें एका शोधकापाशींच होतें, त्याचे सुटे भाग आज बाजारांत मिळतात.

मोटरी तर विकत घेण्याचेंही कारण नाहीं. वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, औद्योगिक वसाहत वाढली, आणि अशा ठिकाणीं भंगारांत जुन्या मोटरींचा तुटवडा नसतो. मात्र प्रत्येक मोटर प्रत्येक कामाची नसते. गाडीच्या वायपरची मोटर दांतेचक्रामुळें मिनिटास चाळीस ते साठ फेरेच करते. ती पंख्यास निरुपयोगी, पण दोरीचें रीळ फिरविण्यास उत्तम, कारण थांबली कीं वजनाच्या ओढीनें उलट फिरत नाहीं. स्टार्टरची मोटर फार वीज खाते व लवकर तापते. ती सोडून द्यावी. बॅटरीवरील जुन्या हातड्रिलची मोटर पंख्यासाठीं घ्यावी. घेतांना दांडा हातानें फिरवून पाहावा. घरघर लागल्यास किंवा कार्बन झिजले असल्यास ती नाकारावी. ठिणग्यांमुळें बिनतारी संदेशांत अडथळा येतो, म्हणून मोटरीच्या दोन्ही टोकांपासून तिच्या कवचापर्यंत एकेक लहान कंडेन्सर डाग देऊन जोडावा.

सांगाडा प्लायवूडचा, इपॉक्सीनें लेपलेला, सपाट तळाचा करावा. ७५ सेंटिमीटर लांब व २५ रुंद होडी ५ सेंटिमीटर बुडाली कीं सुमारें ९ लिटर पाणी सरतें; अर्थात् तितक्या किलोंचा भार ती पेलते. नाळ निमुळती केल्यास एक-दीड किलो कमी धरावा. पोकळींत थर्माकोल भरावा, म्हणजे पाणी शिरलें तरी होडी बुडणार नाहीं. पंख्याचा दांडा ग्रीस भरलेल्या पितळी नळींतून न्यावा व नळीचें आंतलें तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावें. सुकाणूं फिरविण्यास बाजारांत सर्व्हो मिळतो.

जोडणीपूर्वीं पंखा पाण्याच्या बादलींत बुडवून मोटर चालवावी व वीज किती ॲम्पियर ओढते तें मोजावें. गति-नियामक त्याच्या दुप्पट शक्तीचा घ्यावा. वाटेंत फ्यूज घालावा. ७ ॲम्पियर-तासांची, १२ व्होल्टची बॅटरी ४ ॲम्पियरवर कागदोपत्रीं पावणेदोन तास पुरते. व्यवहारांत एक तासच धरावा. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील कमी शक्तीच्या संचास भारतांत स्वतंत्र परवाना लागत नाहीं. या लहरी पाण्यांतून जात नाहींत, म्हणून ग्राहकाची तार पाण्याच्या वर उभी ठेवावी. संदेश तुटतांच मोटर आपोआप थांबेल अशी योजना असलेलाच संच घ्यावा.

आतां मोजणी. रिळाचा घेर २० सेंटिमीटर ठेवून त्यावर चार रंगांचे चार भाग करावेत. म्हणजे एक रंग सरला कीं ५ सेंटिमीटर दोरी सुटली. दोरीस अर्धा किलोचें, सपाट बुडाचें व गोल कडांचें वजन बांधावें. टोंकदार वजन गाळांत रुततें व कागद फाडतें. वजन टेकून दोरी ढिली पडतांच रबराच्या ताणानें उठणारी एक झेंडी बसवावी. काठावरून रंग मोजावेत व झेंडी पाहावी. तळावर पांच ओळींत पांच-पांच जागा घेऊन पंचवीस मापांची सरासरी काढावी. त्या दिवसाची पाण्याची पातळी काठावरील पट्टीवर पाहून मूळ तळापर्यंत किती खोली हवी तें ठरवावें; त्यांतून सरासरी वजा केली कीं गाळ निघाला.

होडी मध्येंच अडकल्यास दोघांनीं समोरासमोरच्या काठांवरून दोर ओढीत आणावा. पाण्यांत कोणीही उतरूं नये. तळ्यास कुंपण व काठावर गांठी मारलेले दोर हवेतच. होडीमुळें त्यांची गरज संपत नाहीं. नाथसागर १९८६ पासून पक्ष्यांचें अभयारण्य आहे; हौसेखातर होडी तिकडे नेऊं नये.

दिवाळीनंतर पाणी निवळलें म्हणजे पहिली मोजणी करावी, आंकडे तारखेसह वहींत टिपावेत आणि उन्हाळी क्षेत्र त्यावरून ठरवावें. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या कीं गाळ कोणत्या सालीं काढावा याचा अदमास ज्याचा त्यासच बांधतां येईल.