एका क्विंटलावर ठरणारं मंडळ

भंडारा जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे धान पिवळं पडू लागलं की काही ठरावीक बांध्यांमध्ये एक छोटंसं सरकारी काम चालतं. कृषी सहायक किंवा तलाठी येतो, गावच्या समितीतली चार माणसं सोबत असतात. शेताच्या एका कोपऱ्यापासून पावलं मोजायला सुरुवात होते. लांबीला किती आणि रुंदीला किती, हे आकडे आधीच सोडतीने निघालेले असतात. पावलं संपतात तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणायची आणि १० मीटर लांब, ५ मीटर रुंद असा चौकोन आखायचा. आतलं धान कापायचं, तिथंच झोडपायचं, उफणायचं, तोलायचं. पीक हेक्टरी २० क्विंटलचं असेल तर त्या चौकोनातून निघतं अवघं १० किलो धान.

एका महसूल मंडळात, एका पिकासाठी, असे किमान १० प्रयोग करायचे असा पीक विम्याचा नियम आहे. म्हणजे सगळं मिळून एक क्विंटल. मंडळात समजा ५,००० हेक्टरवर धान आहे. कापलं किती? त्याचा एक लाखावा भाग. आणि त्या एका क्विंटलावर ठरतं, मंडळातल्या शेतकऱ्यांना भरपाई मिळणार की नाही, आणि विमा कंपनीच्या तिजोरीतून किती पैसे जाणार.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही चेष्टा वाटते. लाखावा भाग कापून उरलेल्याविषयी काय कळणार? पण व्यवसायातले निर्णय घेण्यासाठी डेटा ॲनालिटिक्स शिकायला पदव्युत्तर वर्गात बसलेल्या मुलांना सुरुवातीलाच जे शिकावं लागतं, ते जवळजवळ सगळं या दोरीच्या चौकोनात आहे. बाकीचा अभ्यासक्रम म्हणजे त्याचा विस्तार, असं म्हटलं तर प्राध्यापक मंडळी रागावतील, पण फार नाही.

शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो. चार जणांच्या पातेल्यातली दोन शितं चेपून पाहतो आणि लग्नाच्या पंगतीच्या हंड्यातलीही दोनच. हंडा शंभरपट मोठा म्हणून शंभरपट शितं कुणी चेपत नाही. गणितही हेच सांगतं. नमुन्यातली चूक नमुना किती मोठा यावर अवलंबून असते. ज्यातून तो काढला तो साठा पुरेसा मोठा असला की पुढे तो किती मोठा आहे याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ५,००० हेक्टरच्या मंडळाला १० प्रयोग जितके चांगले किंवा वाईट, तितकेच ते ५०,००० हेक्टरला. अट एकच, भात ढवळलेला हवा. शेतात धान ढवळता येत नाही, म्हणून आपण निवड ढवळतो. गावं सोडतीने, गावातले गट नंबर सोडतीने, गटातली जागाही सोडतीने. रस्त्याकाठची, पाटाजवळची, सरपंचाच्या ओळखीची बांधी निवडली की गणिताचा सगळा आधार सुटला.

आता याच गणिताची कडू बाजू. बांधी-बांधीच्या उत्पन्नात समजा हेक्टरी ४ क्विंटलच्या आसपास फरक पडतो. १० प्रयोगांची सरासरी काढली तर तिच्यातली चूक ४ भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे सव्वा क्विंटल. खऱ्या आकड्यापासून दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट, म्हणजे अडीच क्विंटल एवढी मोकळीक धरूनच चालावं लागतं. ही चूक निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही. चौपट, म्हणजे ४० करावे लागतात. वर्गमूळ नावाचा हा सावकार कुणालाच सूट देत नाही. गूगलला नाही, रिझर्व्ह बँकेला नाही, तुमसरच्या तांदूळ गिरणीलाही नाही.

इथे एका मराठी माणसाची गाठ पडते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राचे डॉक्टर झाले. परत आल्यावर १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत त्यांनी देशभरातलं पीक मोजायची पद्धत बसवली. तोपर्यंत अंदाजावर चालत असे; गावकामगार शेताकडे बघून आणेवारी लिहायचा. सुखात्म्यांनी सोडतीने निवडलेल्या शेतात प्रत्यक्ष कापणी करायला लावली, तीही महसूल आणि शेती खात्याच्या नेहमीच्या माणसांकडून. त्याच वेळी बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान वर्तुळं कापून पीक मोजत होते. तुकडा लहान म्हणजे खर्च कमी, म्हणजे जास्त ठिकाणी जाता येतं. वर्गमूळाचा हिशेब पाहिला तर त्यांचंच बरोबर वाटावं.

सुखात्मे म्हणाले, वाटतं, पण तसं नाही. १९४६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं की फार लहान तुकडे पीक फुगवून दाखवतात. का, ते दोरीपाशी उभं राहिलं की समजतं. दोरीवर आलेली चुडी आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ती आत ओढतो. समजा सगळीकडून ५ सेंटीमीटरची पट्टी अशी आत आली. १.२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात त्यामुळे क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढतं. १० बाय ५ च्या चौकोनात तीच पट्टी फक्त ३ टक्के भर घालते. तुकडा जितका लहान तितका त्याच्या पोटाच्या मानाने काठ जास्त. आणि ही चूक प्रयोग वाढवून जात नाही. दहा हजार वर्तुळं कापा, सरासरी तितकीच फुगलेली राहील, फक्त आता ती फुगलेली सरासरी आपण जास्त खात्रीने सांगू.

मला या सगळ्या विषयातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. चुका दोन जातींच्या. एक आंधळेपणाने हलणारी, कधी इकडे कधी तिकडे. ती जास्त माहितीने कमी होते. दुसरी एकाच दिशेला झुकलेली. तिच्यावर माहितीचा डोंगर ओतला तरी ती जागची हलत नाही. आज ‘बिग डेटा’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं या दुसऱ्या चुकीने भरलेलं असतं. कोट्यवधी लोकांच्या मोबाइलवरून जमलेला आकडा सोडतीने निवडलेल्या हजार लोकांच्या आकड्यापेक्षा वाईट असू शकतो, कारण ज्यांच्याकडे तो मोबाइल नाही ते त्यात कधीच येत नाहीत.

ही चूक पैशात किती होते ते पाहू. पीक विम्यात उंबरठा उत्पन्न ठरलेलं असतं. मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ घेऊन, त्यांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून ते काढतात. प्रत्यक्ष उत्पन्न त्याच्या जितके टक्के खाली, विमा रकमेच्या तितके टक्के भरपाई. समजा उंबरठा २० क्विंटल, खरं उत्पन्न १८.५, विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. तूट साडेसात टक्के, भरपाई ३,७५० रुपये. आता छोट्या वर्तुळाची साडेआठ टक्के फुगवणूक त्यात घाला. मोजलेलं उत्पन्न होतं २०.०७ क्विंटल. भरपाई शून्य. मोठ्या चौकोनात तीन टक्के फुगलं तर सुमारे २,३५० रुपये मिळतात. शेतकऱ्याचं धान तेच, पाऊस तोच. फरक दोरीच्या आकाराचा.

शिवाय दोरीजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. शेतकऱ्याला आकडा कमी यायला हवा, कंपनीच्या माणसाला जास्त, आणि कर्मचाऱ्याला अंधार पडायच्या आत घरी जायचं असतं. म्हणून सोडत आधी काढायची, समितीसमोर कापायचं, ॲपवर फोटो आणि ठिकाण टाकायचं. २०२३ पासून धान आणि गव्हाच्या उत्पन्नात उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही वाटा देण्याची तरतूद पीक विम्यात आली. उपग्रहाला कुणाची ओळख लागत नाही हे खरं. पण ढगांखालचं धान त्याला नीट दिसत नाही हेही खरं. दोन अपुरे साक्षीदार, दोघांच्या चुका वेगळ्या जातीच्या. कुणाचं किती ऐकायचं याचंही गणित आहे, आणि ते दुसऱ्या सत्रात येतं.

इथवर मोजणी झाली. आता निर्णय, आणि तिथे अजून एक धक्का बसतो. हमीभावाने धान खरेदी सुरू झाली की आपल्याकडे बारदान्याची ओरड ठरलेली. एका पोत्यात ४० किलो, म्हणजे क्विंटलला अडीच पोती. केंद्रावर यंदा किती धान येईल? सरासरी अंदाज निघाला ४०,००० क्विंटल. मग पोती मागवायची १ लाख, बरोबर? चूक. एक पोतं उरलं तर साठवणुकीचा, व्याजाचा खर्च समजा ५ रुपये. एक पोतं कमी पडलं तर गाडीभाडं वाया, धान उघड्यावर, अवकाळी पावसाची टांगती तलवार. त्याची किंमत समजा ४५ रुपये. मग ४५ ला ४५ अधिक ५ ने भागा. उत्तर ०.९. पोती इतकी मागवायची की दहापैकी नऊ हंगामांत ती पुरतील. सरासरी इतकी मागवली तर साधारण निम्म्या हंगामांत ओरड होणार, आणि होतेही.

किती सोपं सूत्र! १८८८ साली एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने बँकेने तिजोरीत किती रोकड ठेवावी यासाठी याच धाटणीचा विचार मांडला होता. पुढे त्याला पेपरवाल्याचं कोडं म्हणू लागले, कारण पेपरवाल्यालाही सकाळी किती अंक उचलायचे हा पेच रोजचाच. अंदाज कितीही हुशारीने काढा, चुकण्याची किंमत विचारल्याशिवाय निर्णय निघत नाही. म्हणूनच कंपन्यांत मॉडेल बनवणारे पुष्कळ असतात. ‘कमी पडलं तर किती जाईल, उरलं तर किती?’ असं विचारणारा माणूस क्वचित सापडतो. माझ्या मते पदवी द्यायची तर त्याला द्यावी.

जाता जाता आणखी एक. २० केंद्रांवरचं धान २० गिरण्यांना भरडाईसाठी द्यायचं, एका केंद्राला एक गिरणी, वाहतूक खर्च कमीत कमी. जोड्या लावण्याचे मार्ग किती? सुमारे २४ लाख लाख कोटी. सेकंदाला १०० कोटी मार्ग तपासणारा संगणक ७७ वर्षं चालवावा लागेल. पण १९५५ साली हॅरॉल्ड कून यांनी दिलेली रीत वापरली तर साधा लॅपटॉप हे क्षणात सोडवतो, आणि जे उत्तर देतो त्याहून स्वस्त उत्तर असूच शकत नाही याची सिद्धताही सोबत मिळते.

सर्वांत अवघड भाग मात्र ‘कशामुळे’ हा. भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांच्या नावावर गेलेले आणि आता मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणून ओळखले जाणारे. समजा एका तलावातला गाळ काढला. त्याच्याखालच्या बांध्यांचं उत्पन्न आधी हेक्टरी १६ क्विंटल होतं, नंतर २० झालं. गाळ काढल्याने ४ क्विंटल वाढले अशी बातमी छापून येईल. शेजारच्या गावात गाळ तसाच आहे, तिथे यंदा १७. म्हणजे फरक ३ चा, असं दुसरा म्हणेल. पण शेजारी आधी १४ होतं, तिथेही ३ वाढलेच. यंदाचा पाऊसच चांगला. मग गाळ काढल्याची कमाई ४ वजा ३, म्हणजे १ क्विंटल. आकडे चारच, उत्तरं तीन, आणि खर्च करावा की नाही हे त्यातलं कोणतं धरता यावर. शिवाय ज्या गावाने एकजुटीने गाळ काढला ते गाव इतर बाबतींतही जागं असणार, ही शंका उरतेच. दुकानदाराची सूट, बँकेची जाहिरात, कारखान्यातलं प्रशिक्षण, सगळ्यांचा हिशेब याच वळणाने तपासावा लागतो.

हे शिकायला आता फार लांब जावं लागत नाही. नागपूरला २०१५ साली आयआयएम सुरू झालं. पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग १९५३ चा, वसंत हुजुरबाजारांनी उभा केलेला. आणि २०१५ पासून आयआयएम कोलकाता, आयआयटी खरगपूर आणि महालनोबिसांनी १९३१ साली स्थापन केलेली भारतीय संख्याशास्त्र संस्था मिळून बिझनेस ॲनालिटिक्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. याशिवाय गल्लोगल्ली निघालेले वर्ग आहेत, त्यांची फी पाहून छाती दडपते. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पायथन, एसक्यूएल आणि रंगीत डॅशबोर्ड शिकवून मोकळे होतात. ती अवजारं यायलाच हवीत. पण दोरी कुठे ताणायची हे कळलं नाही तर कोयता धारदार असून काय उपयोग?

प्रवेश घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. माहितीपत्रकात सॉफ्टवेअरची यादी वाचू नका. नमुना पाहणी, कार्यकारणाचा अभ्यास आणि निर्णयाचं गणित, हे तिन्ही पूर्ण विषय म्हणून शिकवतात का ते विचारा. आणि प्रकल्पासाठी बंगळुरूच्या कंपनीच्या पत्राची वाट पाहत बसू नका. जवळच्या धान खरेदी केंद्राकडे मागच्या पाच-सात हंगामांच्या आवकेचे आकडे लेखी अर्ज करून मागा, उरलेल्या आणि कमी पडलेल्या पोत्याची किंमत तिथल्या माणसांकडूनच विचारून घ्या, आणि पुढच्या हंगामाला किती बारदाना मागवावा ते खरेदी सुरू होण्याच्या आधी लिहून त्यांच्या हातात द्या.