पियानो नसता, तर पेटी!

बंगळूरच्या के. आर. पुरमसारख्या उपनगरात दोन खोल्यांत राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातली मुलगी पियानोचा हट्ट धरते, तेव्हा आईवडिलांना घाम फुटतो. एवढे धूड ठेवायचे कुठे आणि पैसे आणायचे कुठून? पण समजा, पियानो जन्मालाच आला नसता, तर पियानोवादकांनी काय वाजवले असते?

१७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो घडवला. त्याआधी हार्पसिकॉर्ड होते. त्याची पट्टी दाबली की तार छेडली जाई. पण बोट हलके पडो वा जोरात, आवाज जवळपास तेवढाच! क्लॅविकॉर्डला बोटाचा दाब कळे, मात्र त्याचा आवाज फारच नाजूक. क्रिस्तोफोरीने तारेवर छोटी हातोडी पडेल अशी युक्ती केली आणि दोन्ही उणिवा दूर झाल्या. पियानो नसता, तर युरोपातले वादक हार्पसिकॉर्ड आणि चर्चमधल्या ऑर्गनवरच रमले असते. थोर संगीतकार बाख हयातीत नावाजला गेला तो ऑर्गनवादक म्हणूनच.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. सामान्य मराठी घरात पियानो आलाच नाही; त्याची जागा पेटीने घेतली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येणारी, हातभात्याची पेटी रूढ केली. 'मानापमान'ला (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे नामांकित पेटीवादक होते, तर बेळगावचे पं. रामभाऊ विजापुरे यांनी सारे आयुष्य पेटीला वाहिले.

पेटीचे दिवस सुखाचेच गेले असे नाही. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, म्हणून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती सुमारे ३ दशकांनी शिथिल झाली. गंमत म्हणजे, हाच दोष पियानोतही आहे!

पेटी म्हणजे पियानो नव्हे, हे खरे. डावा हात भात्यात अडकतो आणि आवाज बोटांवर नव्हे, हवेवर चढतो-उतरतो. पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी तीच, सप्तकातले १२ स्वरही तेच. तेव्हा लेकीला नकार देण्याआधी माळ्यावरची आजोबांची पेटी खाली काढावी. कान तयार झाला, बोटे वळली, की पुढे पियानो मिळो न मिळो, सूर तिचेच राहतील.