सरबताच्या बाटलींतील बेंझीन

फळांच्या पेयांत विष सांपडलें असें ऐकलें म्हणजे आपलें मन लागलीच भेसळ करणाऱ्या दुकानदाराकडे धांव घेतें. परंतु येथें आम्ही जी हकीकत वाचकांस सांगणार आहों, तींत भेसळ मुळींच नाहीं. कायद्यानें मोकळीक दिलेले दोन पदार्थ एकाच बाटलींत नांदूं लागले आणि त्यांच्या पोटीं तिसराच एक पदार्थ जन्मास आला, एवढीच ती गोष्ट आहे. ती लोकांच्या कानीं पडण्यास मात्र पंधरा वर्षें लागलीं.

आरंभ साध्या पाण्यापासून करावा लागतो. इ. स. १९९० च्या प्रारंभीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत एका सरकारी प्रयोगशाळेंत 'पेरिए' हें फ्रान्सचें बाटलीबंद पाणी शुद्ध पाण्याचा नमुना म्हणून वापरलें जात असे. त्याच्याशीं इतर पाणी ताडून पाहावयाचें. त्या नमुन्यांतच बेंझीन निघालें! दर लिटरांत १२.३ ते १९.९ मायक्रोग्रॅम, आणि अमेरिकेंत पिण्याच्या पाण्याची मर्यादा होती ५. झऱ्याबरोबर येणाऱ्या वायूंतील बेंझीन अडविणाऱ्या गाळण्या वेळेवर बदलल्या गेल्या नव्हत्या. कंपनीस जगभरांतून १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या. बेंझीन हें रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणारें द्रव्य असल्याचें ठरलेलें असल्यामुळें त्या गवगव्यांत अतिशयोक्ति होती असें म्हणवत नाहीं.

त्याच वर्षीं अमेरिकेंतील पेयें करणाऱ्यांच्या ध्यानांत आलें कीं, कांहीं फळांच्या स्वादाच्या पेयांतहि बेंझीन आहे. त्यांनीं तेथील अन्न व औषध खात्यास तसें कळविलें, व कृति बदलण्याचें मान्य केलें. खात्यानें प्रकरण उत्पादकांच्या हवालीं केलें आणि जाहीर वाच्यता केली नाहीं. आमच्या मतें या सगळ्या कथेंतील खरा दोष हाच.

हें बेंझीन आलें कोठून? सरबत टिकावें म्हणून त्यांत सोडियम बेंझोएट घालतात. आंबट रसांत त्याचें बेंझोइक आम्ल होतें व तें बुरशीस आणि किण्वास आळा घालतें. 'क' जीवनसत्त्व, म्हणजेच अस्कॉर्बिक आम्ल, फळांत जात्या असतें, किंवा पौष्टिकपणाचा डौल मिरविण्यासाठीं वरून घातलें जातें. आतां पाण्यांत तांब्याचा वा लोखंडाचा अंश लेशमात्र असला आणि प्राणवायु असला, कीं हेंच गुणी जीवनसत्त्व त्या धातूच्या साह्यानें अतिशय तीव्र असे क्षणजीवी कण निर्माण करतें. ते बेंझोइक आम्लावर तुटून पडतात, त्यांतील कर्बद्विप्राणिद वायु सुटून जातो आणि मागें राहतें तें बेंझीन. न्यूयॉर्क येथील लाँग आयलंड विद्यापीठांतील गार्डनर व लॉरेन्स यांनीं १९९३ मध्यें ही क्रिया शास्त्रीय मासिकांत मांडली. उष्णता व उजेड यांनीं ती वाढते. साखर तिला आवर घालते, म्हणून बिनसाखरेच्या, 'प्रकृतीस हितकर' म्हणून खपणाऱ्या पेयांत धोका अधिक, ही थट्टा रसायनशास्त्रानेंच केलेली आहे.

ज्ञान छापील स्वरूपांत उपलब्ध होतें, तरी २००५ सालीं बाहेरच्या लोकांनीं तपासलेल्या नमुन्यांची वार्ता येईपर्यंत खातें स्वस्थ होतें. मग त्यानें २००७ पर्यंत सुमारें २०० नमुने तपासले. बहुतेकांत बेंझीन नव्हतें अथवा ५ मायक्रोग्रॅमहून कमी होतें. ज्या थोड्यांत अधिक निघालें त्यांच्या कृति बदलल्या गेल्या. इंग्लंडांत मार्च २००६ मध्यें १५० पेयांची तपासणी प्रसिद्ध झाली. १०७ मध्यें कांहींच सांपडलें नाहीं, पण चार पेयें जागतिक आरोग्य संघटनेच्या १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलीं व तीं बाजारांतून काढून घेण्यांत आलीं.

हें प्रमाण किती सूक्ष्म तें पाहावें. दहा हजार लिटरांचे दहा टँकर भरावे आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम बेंझीन मिसळावें, म्हणजे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा झाली. एवढें शोधण्यासाठीं पेयाचा नमुना बंद कुपींत किंचित् ऊन करतात, वर जमलेली वाफ यंत्रांत सोडून तींतील द्रव्यें एकमेकांपासून वेगळीं करतात व प्रत्येकाचें वजन रेणूरेणूनें ओळखतात. येथें एक मौज घडली आहे. त्याच अमेरिकन खात्याच्या जुन्या अन्नपाहणींत नमुने १०० अंशांपर्यंत तापवीत असत. त्या उष्णतेनें बेंझीन तपासणीच्या वेळींच तयार होऊं शकतें, हें पुढें उमगलें, आणि बेंझीनबद्दलचे ते जुने आंकडे विश्वासार्ह नाहींत असें खात्यास जाहीर करावें लागलें. चोर पकडावयास गेलेल्या शिपायानेंच चोरी करावी, तसा हा प्रकार!

भीतीनें सरबत टाकून द्यावें असें आम्ही सुचवीत नाहीं. तंबाखूच्या धुरांतून व पेट्रोलच्या वाफेंतून मनुष्याच्या शरीरांत याहून पुष्कळ अधिक बेंझीन जातें. पण जें सहज टळतें तें कां सोसावें? विकतच्या बाटलीच्या वेष्टणावर परिरक्षकाचा अंक छापलेला असतो: २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, ३०० म्हणजे अस्कॉर्बिक आम्ल. दोन्ही अंक एकत्र दिसले तर ती बाटली उन्हांत उभ्या केलेल्या गाडींत किंवा खिडकींत ठेवूं नये.

घरीं सरबत करणाऱ्या आमच्या भगिनींना आणखी थोडें सांगावयाचें आहे. कोकम, जांभूळ यांसारख्या रंगीत रसांत बेंझोएट घालण्याचा प्रघात आहे, कारण गंधकयुक्त परिरक्षकानें त्यांचा रंग उडतो. लिंबू, संत्रें, आंवळा यांत 'क' जीवनसत्त्व भरपूर असल्यामुळें तेथें पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच वापरावें, आणि दोन बाटल्यांचे उरलेले रस एकत्र ओतूं नयेत. आंबट पदार्थ तांब्या-पितळेंत कळकतो म्हणून वडील मंडळी तो कांचेंत किंवा चिनी मातीच्या बरणींत ठेवीत. त्यांस बेंझीन ठाऊक नव्हतें, पण तांब्याचा अंश रसांत उतरूं न देण्याचा तो रिवाज येथेंहि कामास येतो. दम्याच्या रोग्यास मात्र गंधकयुक्त परिरक्षक बाधण्याचा संभव असतो; त्याच्यासाठीं लिंबू त्या त्या वेळीं पिळावें.