टीका आणि द्वेष : कायद्याची मर्यादा

भाषणाच्या व लेखनाच्या स्वातंत्र्यास मर्यादा असावी काय, ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या कायद्यानें फार पूर्वींच 'होय' असें दिलें आहे. वाद आहे तो मर्यादेची रेषा कोठें आंखावी आणि ती ओलांडली हें केव्हां ठरवावें, ह्याचा.

१८६० च्या दंडविधानांत दुसऱ्याच्या धर्मभावना जाणून बुजून दुखविणें हा गुन्हा होता; परंतु त्या कलमांत तोंडचे शब्द, आवाज व हावभाव यांचा विचार होता, छापील मजकुराचा नव्हता. पुढें १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. दुसऱ्याच वर्षीं सरकारनें राजद्रोहाची व्याख्या विस्तारली आणि त्याच दुरुस्तींत प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांत वैर वा द्वेष पसरविणें हाहि गुन्हा ठरविला. हेंच तें १५३ अ कलम. सरकारविषयींची अप्रीति आणि शेजाऱ्याविषयींचा द्वेष हीं दोन्ही एकाच मुशींतून निघालीं, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ह्या कलमाची खरी परीक्षा लाहोरास झाली. इस्लामच्या पैगंबरांच्या खाजगी आयुष्याची कुचेष्टा करणारी एक पुस्तिका तेथें निघाली होती. प्रकाशक राजपाल यांस खालच्या न्यायालयांनीं दोषी ठरविलें. पण मे १९२७ मध्यें हायकोर्टाचे न्यायमूर्ति दलीपसिंग यांनीं त्यांस सोडून दिलें. पुस्तिका हीन अभिरुचीची आहे हें त्यांस मान्य होतें. मात्र दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीका म्हणजे त्याच्या आजच्या अनुयायांविरुद्ध द्वेष पसरविणें नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षीं त्याच हायकोर्टाच्या दुसऱ्या पीठानें तशाच एका लेखाच्या खटल्यांत उलट अर्थ लावला! लोकक्षोभ तर अनावर झाला होता. अखेर सप्टेंबरांत मध्यवर्ति कायदेमंडळानें धर्माच्या अपमानासंबंधींचें २९५ अ हें नवें कलम मंजूर केलें. तरीहि एप्रिल १९२९ मध्यें राजपाल यांचा खून झालाच.

मंजुरीपूर्वीं विधेयक निवड-समितीकडे गेलें होतें. समाजसुधारणेसाठीं एखाद्यानें प्रामाणिकपणें धर्मरूढीवर आघात केला तर तोहि ह्या जाळ्यांत सांपडेल, ही भीति समितीस वाटली. म्हणून 'बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूनें' ही अट कलमांत आली. इतिहासकारांस व प्रामाणिक टीकाकारांस संरक्षण हवें, असें जीनांनींहि सभागृहांत बजावलें होतें. ज्या प्रांतांत फुले आणि आगरकर लिहून गेले त्यास ही भीति निराळी समजावून देण्याची गरज नाहीं. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम घटनेस धरून आहे असा निर्णय दिला, तोहि मुख्यतः ह्याच अटीच्या आधारावर.

अट चांगली, पण हेतु डोळ्यांस दिसत नाहीं. मग शब्दांचा परिणाम कोणाच्या मनावरून मोजावयाचा? १९४६ सालीं नागपूरच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं एक माप घालून दिलें : समंजस, खंबीर व धैर्यवान् माणसाचें मन प्रमाण मानावें, प्रत्येक विरोधी मतांत ज्यास संकटाचा वास येतो त्याचें नव्हे.

दंडविधानाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनें घेतली आहे. १५३ अ तेथें १९६ झालें, २९५ अ तेथें २९९. न्यायालयानें अशा खटल्याची दखल घेण्यापूर्वीं सरकारची मंजुरी लागते; फिर्याद नोंदविण्यास किंवा अटकेस ती लागत नाहीं. म्हणजे दुष्ट हेतूचा निर्णय शेवटीं, आणि अटक आरंभींच. उलट बाजूहि तितकीच खरी आहे. चिथावणीच्या भाषणानंतर ज्याचें घर जळतें, त्यास निर्णयाची वाट पाहणें परवडत नाहीं. तक्रारीची वाट न पाहतां द्वेषमूलक भाषणांविरुद्ध गुन्हे नोंदवावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं सर्व राज्यांस सांगितलें तें ह्याच जाणिवेनें.

जेम्स लेन यांच्या शिवछत्रपतींवरील पुस्तकाबद्दल पुण्यांत फिर्याद नोंदली गेली ती जानेवारी २००४ मध्यें. सर्वोच्च न्यायालयानें नागपूरचेंच माप लावून ती रद्द केली, तोंवर २००७ साल उजाडलें होतें. आणि पुस्तकावरील बंदीचा वाद मिटावयास जुलै २०१० उजाडावा लागला.