आभासी सारथी

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावात संगणकावर घडविलेली माणसाची दोन अर्धी रूपे बरीच वर्षे एकमेकांच्या शेजारी नांदत होती. एकास मन होते पण देह नव्हता, दुसऱ्यास देह होता पण मन नव्हते. संगणकातील माणसावर लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा यंत्रमानव, बुद्धिबळ खेळणारे यंत्र असे रूढ विषयच प्रथम माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. परंतु त्या दोन रूपांवरचे शोधनिबंध चाळीत असता माझे लक्ष एका अगदी क्षुल्लक क्रियेवर जे खिळले ते तेथून हलेना. मोटार हाकणारा मनुष्य क्षणभर रस्त्यावरची नजर काढतो, समोरच्या फलकावरील एखाद्या बटणाकडे हात नेतो आणि पुन्हा रस्त्याकडे पाहतो, एवढीच ती क्रिया. ती संगणकाकडून यथार्थपणे करवून घेण्यास देहाचे शास्त्र आणि मनाचे शास्त्र या दोघांनाही आपापली हद्द सोडावी लागली, हे मला विलक्षण वाटले.

देहाची हकिकत आधी सांगतो, कारण ती थोडक्यात आटोपते. फिलाडेल्फियातील पेन्सिल्व्हानिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘जॅक’ नावाचा संगणकीय पुतळा सिद्ध केला. त्याच्या धडाच्या कण्याचे १७ खंड निरनिराळे वाकतात आणि प्रत्येक सांध्यास निसर्गाने घातलेली मर्यादा तो पाळतो. विमानाच्या किंवा मोटारीच्या आराखड्यात त्याला बसवावे आणि हात कळीपर्यंत पोहोचतो की नाही, गुडघा कोठे अडतो, मान किती वळवावी लागते, हे लाकडी साचा करण्यापूर्वीच पाहून घ्यावे, असा त्याचा उपयोग होता. १९९६ च्या सुमारास ॲन आर्बरच्या ट्रान्सम या कंपनीने त्याचा व्यापारी संसार थाटला आणि पुढे हस्तांतरे होत होत २००७ मध्ये तो सीमेन्सच्या ताब्यात गेला. त्याच्या अंगकाठीचा एक मोठा आधार म्हणजे अमेरिकी लष्कराने १९८८ मध्ये घेतलेली सैनिकांची मापे. सैनिक म्हणजे निवडून घेतलेली, तरुण आणि धडधाकट माणसे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपल्याकडे भारतीयांच्या शरीरमापांचा स्वतंत्र ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतून १९९७ मध्ये बाहेर पडला.

परंतु जॅकला उभे करणे निराळे आणि माणसासारखे हलविणे निराळे. या दुसऱ्या कामासाठी मिशिगन विद्यापीठात १९९८ साली ‘ह्यूमोसिम’ ही प्रयोगशाळा डॉन चॅफिन यांनी स्थापिली. ओझे उचलताना कामगाराच्या कंबरेवर किती भार येतो याचे गणित मांडण्यात ज्यांची हयात गेली, असे हे गृहस्थ. येथे खऱ्या माणसांना खऱ्या आसनांवर बसवून त्यांच्या हालचाली नोंदविल्या गेल्या, आणि ज्युलियन फॅरावे या संख्याशास्त्रज्ञाने एकेका आकड्याऐवजी हालचालीचा संपूर्ण वक्रच समीकरणात बसविण्याची रीत योजिली. पुढे मॅथ्यू रीड यांच्या हाताखाली नजर, धड, हात आणि पावले यांची निरनिराळी खाती पाडून त्यांचा मेळ घालणारी एक व्यवस्था तयार झाली, आणि तिच्यात नजरेला जे स्थान मिळाले ते मला फार मोलाचे वाटते. आधी डोळे वळतात, मागून मस्तक, गरज पडल्यास धड, आणि हात बहुधा डोळ्यांच्या नंतर लक्ष्यावर पोहोचतो. हा क्रम न पाळणारा पुतळा कितीही सफाईने हलला तरी पाहणाऱ्यास तो आंधळा वाटतो.

मनाचे दप्तर याहून जुने आहे. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात मनुष्यास तीन प्रक्रियकांचा समूह मानले: आकलनाच्या एका आवर्तनास सुमारे १०० मिलिसेकंद, विचाराच्या ७० आणि हालचालीच्या ७०. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन अँडरसन यांची ‘ॲक्ट-आर’ आणि मिशिगनमधील डेव्हिड किएरास व डेव्हिड मायर यांची ‘एपिक’ या प्रणालींत विचाराचे एक पाऊल ५० मिलिसेकंदांचे धरले आहे. या प्रणाली वाचतात, आठवतात, निर्णय घेतात. मात्र त्यांचा हात म्हणजे पडद्यावर सरकणारा एक बिंदू असतो. तो बिंदू किती वेळात सरकेल हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दिलेल्या सूत्रावरून काढतात, आणि त्या सूत्रास अंतर व लक्ष्याची रुंदी एवढी दोनच मापे ठाऊक आहेत. खांदा आसनापासून सुटला काय, कोपर कोठे टेकले होते काय, याची चौकशी ते करीत नाही.

ॲन आर्बरमध्येच यिली लिऊ आणि त्यांचे शिष्य यांनी १९८३ च्या त्या प्रतिमानास रांगांच्या गणिताची जोड दिली. मनाचे प्रत्येक खाते हे एक ठाणे, तेथे येणारी प्रत्येक वार्ता रांगेत उभी राहणार आणि ठाणे मोकळे झाले की पुढे सरकणार, अशी ती रचना २००६ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झाली. दोन कामे एकदम करताना मनुष्य का मंदावतो याचे उत्तर या रचनेत वेगळे लिहून ठेवावे लागत नाही. रांग वाढते, म्हणून विलंब होतो.

मन आणि देह यांची गाठ घालण्याचा हा काही पहिलाच यत्न नव्हे. कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात लष्कराच्या सहकार्याने उभारलेल्या ‘मिडास’ या प्रणालीत वैमानिकाच्या मनाचे प्रतिमान आणि जॅकचा देह एका छपराखाली आणलेले होते. परंतु ओमेर त्सिम्होनी व रीड यांनी २००७ मध्ये ‘आभासी सारथी’ या नावाने मांडलेली आणि हेलन फुलर यांनी रीड व लिऊ यांच्यासह पुढे नेलेली योजना मला अधिक आवडली, ती तिच्यातील सांध्यामुळे. मन रस्ता पाहून चाक वळवीत असते. इतक्यात दुसरे काम रांगेत येते, आणि मन देहास हुकूम देते की अमुक बटणाकडे पाहा आणि उजवा हात तेथे ने. देह आपली उंची, आसनाची जागा आणि बटणाचे स्थान यांवरून हालचाल रचतो आणि मनाकडे वर्दी पाठवितो की हात पोहोचला व इतका वेळ लागला. ती वर्दी येईपर्यंत मनाची काही ठाणी अडून राहतात. म्हणजे वेळ आता सूत्राने वरून लादलेला नसतो, देहाने सोसून सांगितलेला असतो. आखूड हाताच्या व्यक्तीस त्याच बटणासाठी धड पुढे झुकवावे लागले, तर तिचे मनही तितका काळ अधिक गुंतते. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २५ मीटर जाते. विचाराच्या ५० मिलिसेकंदांच्या एकेका पावलात ती सव्वा मीटर पुढे गेलेली असते. आसन आणि अवधान यांचा हिशेब एकाच खतावणीत मांडला जावा, ही कल्पना मला थोर वाटते.

आता अडचणींकडे वळले पाहिजे, आणि त्या वरवरच्या नाहीत.

पहिली अडचण हात अर्ध्या वाटेवर असतानाची. रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ मध्येच दाखविले होते की लक्ष्याकडे जाणाऱ्या हाताच्या हालचालीचे दोन भाग पडतात: आधी एक ठाम झेप, आणि शेवटी डोळ्यांच्या देखरेखीखाली केलेली दुरुस्ती. ही दुरुस्ती मनाच्या खात्यात जमा करावी की देहाच्या? फिट्सच्या सूत्राने मिळणाऱ्या वेळात ती आधीच मिसळलेली आहे. सूत्रही ठेवले आणि देहाने आपला वेळही वेगळा कळविला, तर तोच काळ दोनदा मोजला जाण्याचा धोका उत्पन्न होतो. शिवाय समोरची मोटार अकस्मात थांबली तर पुढे गेलेला हात मागे घ्यावा लागतो. पूर्ण वक्र आगाऊ आखून मग तो चालविणाऱ्या देहास मधूनच परतणे अवघड, आणि हात या क्षणी कोठे आहे हे ठाऊक नसलेल्या मनास परतण्याचा हुकूमही नीट देता येत नाही.

दुसरी अडचण निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० नंतरच्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रमसंस्थेत पाहिली. छिन्नीवर हातोडा घालणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींची छायाचित्रे घेता त्यांना आढळले की हातोड्याचा मार्ग घावागणिक बहुतांशी तोच राहतो, परंतु खांदा, कोपर आणि मनगट यांच्या हालचाली दरवेळी थोड्या बदलतात. सांधे एकमेकांच्या चुका सांभाळून घेतात. ही सांभाळणी नियमांच्या यादीत मावत नाही आणि सरासरी काढलेल्या वक्रातून तर ती गळूनच जाते. नेमका कसबाचा भाग पुसला जातो.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती तिसरीची. स्वीडनमधील उमेओ येथील लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये वृद्धांच्या निवासातील ५८ जणांची चालता चालता बोलण्याची एक साधी परीक्षा घेतली. बोलणे सुरू होताच १२ जण थांबले, आणि पुढील सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. तोल सांभाळणे हेही मनावरचे एक काम आहे, आणि वय वाढते तसतसे ते महाग होत जाते, हे यातून उघड होते. आभासी सारथ्यात देह मनाला वेळेचा खर्च कळवितो. परंतु झुकताना तोल राखण्यासाठी, दुखरा खांदा सावरण्यासाठी किंवा कंप पावणारे बोट लक्ष्यावर स्थिर ठेवण्यासाठी मनाचे जे अवधान खर्ची पडते, त्याची नोंद करायची तर रांगेत नवी ठाणी उघडावी लागतील आणि त्यांचे आकडे वृद्ध, आजारी आणि दमलेल्या माणसांकडूनच आणावे लागतील. सैनिकांच्या मापांतून ते निघणार नाहीत.

आराखडा पसंत करणाऱ्या अभियंत्यासमोर मात्र यांतले काहीच येत नाही. त्याला पडद्यावर दिसतो तो सफाईने वळणारा पुतळा, आणि डोळ्यांना पटलेल्या हालचालीवर विश्वास ठेवण्याची सवय आपणा सर्वांनाच आहे. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की हात पोहोचल्याचे चित्र ज्या अहवालात छापले जाईल, त्यातच तो हात कोणत्या वयाच्या आणि किती उंचीच्या माणसाचा धरला, तेवढ्या वेळात नजर रस्त्यावरून किती काळ दूर राहिली आणि मोटार किती मीटर पुढे गेली, हेही नमूद करण्याचा दंडक असावा. आणि त्या आकड्यांना खऱ्या माणसांच्या प्रयोगाचा आधार नसेल, तर तसे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे.