सालामांकातले पहिले तीस दिवस

परदेशी शिकायला जाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन फोटो येतात. पहिला एअरपोर्टवरचा, ट्रॉलीवर तीन बॅगा आणि मागे अख्खं खानदान. दुसरा थेट पदवीदानाचा. मधले दिवस कुणी स्टोरीला टाकत नाही. त्यातही पहिले तीस-चाळीस दिवस तर नाहीच नाही. कारण त्या दिवसांत टाकण्यासारखं असतं काय? रांगा, फॉर्म, कोरडा ब्रेड आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडणं.

माझ्या कॉलेजातली एक सीनियर सध्या स्पेनमधल्या सालामांका शहरात आहे. मूळची सांगलीची. पुण्यात बी.ए. करता करता ती स्पॅनिशच्या परीक्षा देत गेली, बी-टू लेव्हलपर्यंत पोचली आणि परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश कसं शिकवायचं, या विषयातल्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी सप्टेंबरमध्ये तिकडे गेली. डोक्यावर एज्युकेशन लोन आहे. तिच्याशी तीन-चार रात्री व्हिडिओ कॉलवर बोलले. तिचे जेवून साडेदहा व्हायचे तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असायचे. तिची अट एकच होती. ‘सगळं छाप, फक्त नाव नको. आई पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते.’

शहर सोनेरी, दुकानं बंद

सालामांका माद्रिदपासून दोनशेहून थोडं जास्त किलोमीटरवर, बसने अडीच-तीन तास. वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पण विद्यापीठ 1218 सालचं. तिकडे वर्ग भरायला लागले तेव्हा आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचं राज्य होतं. जुन्या इमारती जवळच्या विय्यामायोर गावच्या दगडात बांधल्या आहेत आणि संध्याकाळच्या उन्हात हा दगड खरोखर सोन्यासारखा दिसतो. 1988 पासून हे जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

विद्यापीठाच्या जुन्या दर्शनी भिंतीवर कोरीव कामाची नुसती गर्दी आहे. त्यात एका कवटीवर एक छोटा बेडूक बसलाय. कुणाच्या मदतीशिवाय ज्याला तो दिसला, तो परीक्षेत पास होणार, असं तिथली पोरं मानतात. शेजारच्या ‘नव्या’ कॅथेड्रलच्या दारावर तर अंतराळवीर कोरलाय. हा मात्र पाचशे वर्षं जुना नाही, 1992 मधल्या दुरुस्तीच्या वेळी कारागिरांनी घातलेला आहे. भिंतींवर लाल अक्षरांत नावं दिसतात, ती डॉक्टरेट मिळवलेल्यांची. पूर्वी म्हणे ती बैलाच्या रक्ताने लिहीत.

हे सगळं तिने वाचून ठेवलं होतं. पण ती पोचली 7 सप्टेंबरला, रविवारी. रविवारी स्पेनमध्ये बहुतेक सुपरमार्केट बंद. दुसऱ्या दिवशी 8 सप्टेंबर, ग्रामदेवतेचा म्हणजे व्हर्जिन दे ला वेगाचा सण. गावजत्रेचा माहोल, चौकात गाणीबजावणी, सरकारी ऑफिसं बंद. पहिले दोन दिवस तिने चिवडा, लाडू आणि नळाचं पाणी यांवर काढले. ‘आई तो डबा भरत होती तेव्हा मी तिच्याशी वजनावरून भांडत होते,’ ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुकानं उघडली, तर दुपारी दोनला पुन्हा बंद. आता पाचला उघडणार. दुपारची झोप आणि बंद शटर यांचं पुणेकरांना काही वाटणार नाही, पण पुढचं गणित अवघड आहे. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. संध्याकाळी सातला भूक लागली तर बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद असतं. यामागे घड्याळाचाही हात आहे. स्पेन नकाशावर ब्रिटनच्या खाली येतो, पण 1940 मध्ये फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे करून ती मध्य युरोपाच्या वेळेला लावली गेली. ती आजही तशीच आहेत. त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो आणि आपलं पोट गोंधळून जातं.

ती अंडं खाते, मांस-मासे नाही. बारमध्ये तिने ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांस नको’, असं नीट सांगितलं. सॅलड आलं ते ट्यूना घालून. तिकडे ‘कार्ने’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर फक्त मटण-बीफसारखं तांबडं मांस येतं. मासा वेगळा आणि हामोन, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, तर जवळजवळ कोशिंबिरीसारखी सगळ्यात पडते. या जिल्ह्यातलं गिहुएलो हे गाव हामोनसाठीच प्रसिद्ध आहे, म्हणजे बघा. शेवटी तिला तारलं ‘तोर्तिया’ने. ही मेक्सिकन पोळी नव्हे. स्पेनची तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट.

‘तू’ आणि ‘मला आवडतं’

मराठी माणसाला स्पॅनिश शिकताना काही गोष्टी फुकटात मिळतात. त, द, प, क हे उच्चार इंग्रजी बोलणाऱ्यांना घासून घासून करावे लागतात, आपल्या तोंडात ते जन्मापासून असतात. शेपटीवाला एन म्हणजे आपला ञ. त्याहून भारी गंमत व्याकरणात आहे. इंग्रजीत ‘मी कॉफी आवडतो’ अशी रचना असते. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता’, म्हणजे थेट ‘मला आवडतं’. आपण ‘आंबा आवडतो, आंबे आवडतात’ म्हणतो, तसं तिथेही क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे आठवडाभर अडकतात, आपण एका दिवसात पुढे जातो.

आणि ‘तू’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? ‘तू’च! उच्चार तोच, अर्थ तोच. आदरार्थी ‘उस्तेद’ वेगळा. पण गोची इथेच आहे. स्पेनच्या विद्यापीठांत प्राध्यापकांना सर्रास ‘तू’ म्हणतात, तेही पहिल्या नावाने हाक मारून. ‘साठीच्या बाईंना मी तू म्हणू? जीभच उचलेना,’ ती सांगत होती. दोन आठवडे तिने एकही वाक्य असं बनवलं नाही ज्यात बाईंना उद्देशून काही म्हणावं लागेल. ‘हा मुद्दा पुन्हा समजावता येईल का?’ अशी कर्मणी वळणाची वाक्यं ती घरून पाठ करून न्यायची.

खरी अडचण मात्र याहून मोठी होती. सर्टिफिकेट बी-टूचं, पण पहिल्या तासाला तिला निम्मंच कळलं. ऑडिओ क्लिपमधलं स्पॅनिश आणि आठ जण एकाच वेळी बोलत असतानाचं स्पॅनिश यांत सांगली-माद्रिद इतकं अंतर असतं. गटचर्चेत तिचं वाक्य डोक्यात तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. ‘पुण्यात मी वर्गात सगळ्यात जास्त बोलायचे. इथे तीन आठवडे मी मुकी मुलगी होते. आपण हुशार आहोत हे सांगायलासुद्धा भाषा लागते गं,’ ती म्हणाली. तिच्या बोलण्यातलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

कागद, कागद आणि कागद

आता त्या गोष्टीकडे येऊ, ज्यामुळे तिची झोप उडाली होती.

सहा महिन्यांपेक्षा जास्त शिकायला स्पेनमध्ये गेलात की व्हिसावर भागत नाही. देशात पोचल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे ‘तिए’ कार्डासाठी, अर्ज करावा लागतो. त्यासाठी बोटांचे ठसे द्यायला पोलिसांची अपॉइंटमेंट लागते, तिला म्हणतात ‘थीता प्रेविया’. ती ऑनलाइन मिळते आणि बऱ्याच शहरांत ‘सध्या वेळ उपलब्ध नाही’ हेच वाक्य रोज बघावं लागतं. सोबत बहुतेक ठिकाणी ‘पाद्रोन’चा दाखला मागतात. पाद्रोन म्हणजे पालिकेच्या दप्तरी ‘मी या पत्त्यावर राहते’ ही नोंद. आणि ती करायला हवा भाडेकरार किंवा घरमालकाची लेखी संमती.

तिने भारतातून बुक केलेल्या खोलीचा मालक करार द्यायला तयारच नव्हता. ‘कागद कशाला? रोख दे आणि राहा.’ तीनशे युरो भाडं, तीनशे डिपॉझिट. डिपॉझिट म्हणजे आपले तीस हजारांच्या आसपास, आधीच ऑनलाइन भरलेले. करार नाही म्हणून पाद्रोन नाही, पाद्रोन नाही म्हणून तिएचा अर्ज अडलेला, आणि कॅलेंडरवर एकेक दिवस कमी होत चाललेला.

बाराव्या दिवशी तिने ठरवलं, खोली सोडायची. डिपॉझिट परत मिळालं नाही. फॅकल्टीच्या नोटीस बोर्डावर चिकटवलेल्या कागदांवरून, ज्यांना खाली फोन नंबरच्या फाडायच्या पट्ट्या असतात, तिने सोळा जागांना फोन केले. ‘वर्गात तोंड उघडत नव्हते, पण खोलीसाठी फोनवर भांडलेसुद्धा. गरज लागली की भाषा येते.’ सतराव्या दिवशी एका कोलंबियन आणि एका ब्राझिलियन मुलीबरोबर तिला जागा मिळाली, रीतसर करारासह. दोन दिवसांत पाद्रोन झालं. अपॉइंटमेंटसाठी ती रोज सकाळी आठपासून साइट रिफ्रेश करत बसायची. एका सकाळी कुणीतरी रद्द केलेली जागा दिसली. तारीख 2 ऑक्टोबर, तिचा सव्विसावा दिवस. आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी होती, ती तिकडे दहाही बोटांवर शाई लागणार या तयारीने टिश्यू घेऊन गेली होती. ठसे मशीनवर घेतले, दहा मिनिटांत काम झालं.

डिपॉझिटचं घरी सांगितलं नव्हतं. बाबांनी सही केलेल्या कर्जातले तीस हजार पंधरा दिवसांत बुडाले, हे कसं सांगायचं? महिनाभर ती खर्च वाचवून ते भरून काढायच्या मागे होती. दुपारचं जेवण एकदाच, कॉफी बंद. चक्कर आली तेव्हा कोलंबियन मैत्रिणीने फोन हातात दिला आणि ‘घरी फोन कर’ म्हणाली. आई दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, ‘पैसे गेले ते गेले. तू जेवलीस का?’

रांगेतला शेवटचा कोण?

बदल एकदम झाला नाही. छोट्या छोट्या गोष्टींनी झाला. मंडईत किंवा बेकरीत रांग दिसत नाही, माणसं कुठेही उभी असतात. आत शिरणारा विचारतो, ‘शेवटचं कोण?’ कुणीतरी हात वर करतं, की आपला नंबर त्याच्यामागे. ज्या दिवशी तिने हे विचारलं आणि एका आजोबांनी वर न बघता ‘मी’ म्हटलं, त्या दिवशी तिला पहिल्यांदा इथलं झाल्यासारखं वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘बाले’ हा शब्द. बरं, ठीक, हो का, चला, कळलं, ठेवते फोन, या सगळ्यासाठी एकच शब्द. आपल्या ‘बरं’चा सख्खा भाऊ. तिसरी गोष्ट मसूर. स्पेनमध्ये ‘लेंतेहास’ घरोघरी शिजतं, पण चोरिसो सॉसेज घालून. तिने ते वगळून गोडा मसाला आणि चिंच घातली. तेव्हापासून दर गुरुवारी रात्री दहाला घरात आमटी असते. ब्राझिलियन मुलगी तिला ‘सूप’ म्हणते, हे सहन करावं लागतं.

आणि बाई? पाचव्या आठवड्यात एका चर्चेत तिने हात वर केला. भारतात स्पॅनिश शिकवताना इंग्रजीच्या ऐवजी मराठीचा आधार का घ्यावा, यावर ती पाच मिनिटं बोलली. उदाहरण अर्थातच ‘मे गुस्ता’चं. बोलता बोलता बाईंना ‘तू’ म्हणून गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाईंनी सेमिस्टरच्या निबंधासाठी हाच विषय घ्यायला सांगितलाय.

बेडूक मात्र तिला अजून सापडलेला नाही. मैत्रिणी दाखवायला तयार आहेत, ती बघत नाही. परीक्षा जानेवारीत आहे.

निघणार असाल तर

- डिग्री आणि मार्कशीटवर अपॉस्टिल आणि जिथे मागतील तिथे स्पॅनिशमधलं अधिकृत भाषांतर, या कामांना वेळ लागतो. प्रवेश मिळाल्या मिळाल्या सुरू करा.
- व्हिसासाठी खर्चाची तयारी दाखवावी लागते. गेली काही वर्षं हा आकडा महिना 600 युरो आहे. अर्ज करण्याआधी ताजा आकडा तपासा.
- खोली न बघता डिपॉझिट भरू नका. पहिले दहा दिवस हॉस्टेल किंवा विद्यापीठाच्या निवासात काढा. खोली बघताना पहिला प्रश्न विचारा, ‘करार मिळेल का? पाद्रोन करता येईल का?’
- पोचल्याची तारीख लिहून ठेवा आणि तिथून एक महिना मोजा. अपॉइंटमेंट पहिल्याच दिवसापासून शोधायला लागा.
- स्पॅनिश फॉर्मवर दोन आडनावांचे रकाने असतात, वडिलांकडचं आणि आईकडचं. तिथे मधलं नाव टाकू नका. आमच्या सीनियरचं सिमकार्ड आजही बाबांच्या नावाने हाक मारतं.
- रविवारी पोचू नका. पोचलातच तर डब्याच्या वजनावरून आईशी भांडू नका.
- आणि पैसे बुडाले, वर्गात काही कळलं नाही, एकटं वाटलं, तर घरी सांगा. पहिल्याच आठवड्यात सांगा.